विडी वळणे (नागपूर परिसर)

तेंदूच्या पानात तंबाखूचा चुरा भरून, गुंडाळून, दोऱ्याने बांधून विडी तयार करण्याचे हातकाम. नागपूरकडे बोलताना ‘बिडी’च म्हणतात. नागपूर, कामठी, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात अनेक पिढ्या हे काम घराच्या ओसरीवर झाले आणि ते मुख्यतः बायकांनी केले. चिरूट किंवा सिगार हा आतून-बाहेरून तंबाखूच्याच पानांचा असतो (‘चिरूट’ हा शब्द तमिळमधल्या ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी या शब्दावरून आला). विडीचे वेष्टन मात्र वेगळ्या झाडाचे असते. ते झाड विदर्भाच्या जंगलात भरपूर आहे आणि इथल्या विडीचा सगळा इतिहास त्या पानाभोवती फिरतो.

पान : तेंदू, टेंभुर्णी किंवा टेमरू, शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. उन्हाळ्याच्या तोंडाशी झुडपांची छाटणी करतात. मग येणारी कोवळी, रुंद, लवचिक पालवी एप्रिल-मे महिन्यांत तोडतात. महाराष्ट्रात सत्तर पानांचा एक पुडा बांधायची रीत आहे, शेजारच्या मध्य प्रदेशात पन्नास पानांची. भल्या पहाटे घरातली सगळी माणसे जंगलात जातात, दुपारी अंगणात बसून पुडे बांधतात आणि संध्याकाळी ते संकलन केंद्रावर, म्हणजे फळीवर, नेऊन मोजून देतात. तिथे पुडे उन्हात उलटसुलट वाळवून पोत्यांत भरले जातात. नवी पालवी लवकर फुटावी म्हणून जंगलाला वणवा लावण्याची वाईट सवय काही भागांत अजून गेलेली नाही. वाघ-अस्वलांच्या हल्ल्यांच्या बातम्याही याच दिवसांत वाढतात. महाराष्ट्रात तेंदूचा व्यापार १९६९ च्या वनोपज कायद्याने सरकारच्या ताब्यात आला. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायदा यांच्यानंतर गडचिरोली-गोंदियातल्या कित्येक ग्रामसभा आता आपले पान स्वतः विकतात.

वळण्याची रीत : वाळलेले पान ठिसूळ असते, हात लावला की मोडते. म्हणून पुडे रात्रीच भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. सकाळी पान कातड्यासारखे मऊ झालेले असते. त्यावर पत्र्याचा फर्मा ठेवून, जाड शिरा टाळून, कात्रीने तुकडा कापायचा. कोणत्या पानातून एक तुकडा निघेल आणि कोणत्यातून दोन, हे हातात घेताक्षणी कळावे लागते. दिवसाची कमाई इथेच ठरते, कारण हजार विड्यांसाठी पान मोजून-तोलून मिळते. त्यातली भोकाची, फाटकी, डागाळलेली पाने वळणारणीच्या वाट्याची. पान कमी पडले तर पदरचे पैसे घालून आणायचे.

नंतरचे काम सुपात चालते. मांडीवर सूप, सुपात एका बाजूला कापलेली पाने, दुसऱ्या बाजूला तंबाखू. डाव्या तळहातावर तुकडा घेऊन त्यावर चिमूटभर, साधारण पाव ग्रॅम, चुरा लांबट पसरायचा. पानाची कड बोटांनी आत दाबत अंगठ्याने पुढे लोटत न्यायचे, म्हणजे एका टोकाला निमुळती आणि दुसऱ्या टोकाला रुंद अशी नळी होते. रुंद तोंडाची कड नखाने किंवा पत्र्याच्या छोट्या टोकाने आत दुमडायची, निमुळत्या टोकाकडे दोऱ्याचे वेढे द्यायचे. चिमूट जरा जास्त झाली तर विडी ओढली जात नाही, कमी झाली तर बोटांत चपटते. सवयीच्या हाताला हे वाचायला लागला त्याहून कमी वेळ लागतो. दिवसभर बसून सहाशे ते हजार विड्या होतात, त्याही मधून मधून चूल, पाणी, मूल सांभाळत. तंबाखूला कुठलाही वास चटकन लागतो. त्यामुळे चुऱ्याचा डबा रॉकेल आणि मसाल्यापासून लांब ठेवायची खबरदारी घ्यावी लागते. याच गुणाचा उपयोग करून मुद्दाम सुगंधी माल करता येतो. १९९० च्या दशकात अमेरिकेत आंबा, व्हॅनिला, चॉकलेट, स्ट्रॉबेरी अशा स्वादांच्या भारतीय विड्या विकल्या जात होत्या. घरोघरी वळल्या जाणाऱ्या रोजच्या विडीला असा काही वास नसतो. तिचा वास म्हणजे भाजलेले तेंदूपान आणि निपाणी किंवा गुजरातेतल्या चरोतरचा तंबाखू, एवढाच. भाजण्याचे काम कारखान्यात होते: पंचवीस विड्यांचे कट्टे बांधून भट्टीत शेकतात, त्यावर लेबल लागते.

सट्टेदार आणि छाट : कारखाना आणि घर यांच्यामध्ये सट्टेदार असतो. तो पान-तंबाखू देतो आणि तयार विडी मोजून घेतो. मजुरी हजारावर. घेताना खराब म्हणून बाजूला काढलेली विडी म्हणजे ‘छाट’. छाटीचे पैसे कापले जात आणि ती विडीही बहुधा परत मिळत नसे. या धंद्यातले सगळ्यात जुने भांडण कशावरून असेल तर ते या एका शब्दावरून. कामठीचे बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) ‘जय भीम’ या अभिवादनासाठी ओळखले जातात. विडी कामगारांची पिळवणूक थांबावी म्हणून त्यांनी सहकारी तत्त्वावर विडीचे काम सुरू केले आणि कामगारांची संघटना बांधली, हे काम मात्र कमी सांगितले जाते. १९३७ मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे प्रांतिक कायदेमंडळावर निवडून आले.

कायदा : नागपूर मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असताना १९४८ मध्ये एक विचित्र कायदा झाला. शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून ठरावीक गावांत विड्या वळण्यावरच बंदी. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५० मध्ये, चिंतामण राव खटल्यात, तो घटनाबाह्य ठरवला. शेतात राबू न शकणारे म्हातारे, अपंग, बायका यांचीही रोजी या बंदीने जाते, हा निकालातला मुद्दा घरी बसून वळणाऱ्यांना नेमका लागू पडतो. पुढचा प्रश्न अधिक चिवट होता: हवे तेव्हा येणारा-जाणारा, नगावर पैसे घेणारा माणूस ‘कामगार’ की स्वतंत्र कारागीर? नागपूरच्या एका विडी कारखान्यातल्या तिघांनी पंधरा दिवसांच्या रजेचा पगार मागितला, मालकाने नाकारला. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कामगारच आहेत असे ठरवले. नमुन्याबरहुकूम नसलेली विडी नाकारण्याचा हक्क मालकाकडे आहे, म्हणजे कामावर त्याचे नियंत्रण आहे, असे न्यायालयाने म्हटले. ज्या छाटीने मजुरी कापली जाई तीच कामगारपणाचा पुरावा ठरली, ही या निकालातली मोठी गोष्ट. पण ते तिघे कारखान्यात बसणारे होते. घरी वळणारी बाई कायद्याच्या व्याख्येत स्पष्टपणे आली ती १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने. २०२० च्या कामगार संहितेत तो कायदा सामावला गेला. १९७६ मध्ये विडीवर उपकर बसवून कल्याण निधी उभारला गेला. दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती, घरबांधणी यासाठी तो होता आणि त्याच्या कल्याण आयुक्तांचे एक प्रादेशिक कार्यालय नागपुरात आहे. ओळखपत्र असेल तरच हे लाभ, आणि नाव सट्टेदाराच्या वहीत नसेल तर ओळखपत्र मिळणे कठीण. वही एका बाईच्या नावावर आणि वळणाऱ्या तिघी, असे घरात नेहमीच घडते. उरलेल्या दोघींची गणना कुठेच होत नाही.

आरोग्य : विडी सिगारेटपेक्षा सौम्य, हा समज चुकीचा आहे. पान सच्छिद्र नसल्याने ती विझू नये म्हणून जास्त झुरके घ्यावे लागतात. निकोटीन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड फुप्फुसात सिगारेटइतके किंवा त्याहून जास्त जाते. न ओढणाऱ्या वळणारणीलाही तंबाखूची धूळ श्वासातून आणि निकोटीन कातडीतून मिळत राहते. खोकला, डोळ्यांची आग, दिवसभर वाकून बसल्याने पाठ-मान धरणे या तक्रारी नेहमीच्या. चौदा वर्षांखालील मुलांना हे काम करायला १९८६ च्या कायद्याने मनाई केली. त्यात घरच्यांसोबत काम करण्याची सूट होती, आणि दोरा बांधायला, तोंड दुमडायला शाळेतून आलेली मुलगी सुपाशेजारी बसे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि विडीवरचा कल्याण उपकर बंद झाला. तेव्हापासून त्या मुलींच्या शिष्यवृत्तीचा पैसा सरकारच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकातून यावा लागतो.