अवैध शस्त्र बाळगल्याच्या शिक्षेविरुद्ध अपील

परवान्याशिवाय पिस्तूल, बंदूक किंवा गावठी कट्टा बाळगल्याबद्दल शस्त्र अधिनियम, १९५९ खाली झालेल्या शिक्षेला वरच्या न्यायालयात दिलेले आव्हान. दंडाधिकाऱ्याच्या निकालावर ३० दिवसांत सत्र न्यायालयात, तर सत्र न्यायालयाच्या निकालावर ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. निकालाची नक्कल मिळण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळतात. त्यानंतरही उशीर झाल्यास विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागतो. कैद्याला तुरुंगातूनही अपील पाठवता येते.

अपील दाखल केले म्हणून शिक्षा थांबत नाही. स्थगिती आणि जामिनासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम ४३० खाली वेगळा अर्ज लागतो. शिक्षा ३ वर्षांपर्यंतची आणि आरोपी जामिनावर असेल, तर निकाल देणारे न्यायालयच अपिलापुरती सवड देते. निकालाच्या दिवशी हा अर्ज तयार नसला, तर आरोपीची रवानगी थेट तुरुंगात होते.

शिक्षा कमी करून मागायची असेल तर आधी गुन्ह्याची तारीख पाहावी. साध्या बंदुकीसाठी पूर्वी १ ते ३ वर्षे कैद होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती २ ते ५ वर्षे झाली. प्रतिबंधित शस्त्रासाठी (उदा. स्वयंचलित बंदूक) ५ ते १० ची ७ ते १४ वर्षे झाली. दुरुस्तीपूर्वीच्या गुन्ह्याला वाढीव शिक्षा लावता येत नाही. प्रतिबंधित शस्त्रासाठी दुरुस्तीपूर्वी किमान शिक्षेची अट पक्की होती. संजय दत्त यांची ६ वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ५ वर्षांवर आणली. प्रतिबंधित शस्त्रासाठी तेव्हाची किमान शिक्षा तेवढीच होती. साध्या बंदुकीच्या बाबतीत, आणि दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्राच्या बाबतीतही, विशेष कारणे नोंदवून किमानपेक्षा कमी शिक्षा देता येते. वय, आजारपण, पहिलाच गुन्हा ही कारणे पुराव्यासह मांडावीत. नुसती दयेची विनवणी फारशी चालत नाही.

दोषसिद्धीलाच आव्हान असेल, तर खरी लढाई मुद्देमालाच्या प्रवासावर होते. पंच फितूर झाले एवढ्याने भागत नाही, कारण पोलिसांची साक्ष विश्वासार्ह वाटल्यास तीही पुरते. पण पंचनाम्यात लाखेच्या मोहोरेचा उल्लेख नाही, मुद्देमाल नोंदवहीत खाडाखोड आहे, शस्त्र प्रयोगशाळेत नेणारा शिपाई तपासलाच नाही, असे असेल तर जप्त झालेले आणि तपासलेले शस्त्र एकच होते का, हा प्रश्न उभा राहतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३९ खालची, खटला भरण्यासाठीची जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी नसेल किंवा छापील नमुन्यावर नुसती सही असेल, तर तो मुद्दाही घ्यावा. सामाईक घरात किंवा गाडीत शस्त्र सापडले, तर ते आरोपीच्या जाणीवपूर्वक ताब्यात होते का, हे पाहिले जाते.

आरोपीच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. त्यासाठी सरकारला स्वतंत्र अपील करावे लागते. कच्च्या कैदेचे, म्हणजे निकालापूर्वी कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. निकालात त्यांची नोंद चुकली असेल, तर तीही अपिलात दुरुस्त करून घेता येते.