मायग्रेन आणि रक्तवाहिन्यांचे विकार

मायग्रेन (अर्धशिशी) हा मज्जासंस्थेचा, पुनःपुन्हा उद्भवणारा विकार आहे. तो असलेल्या व्यक्तींमध्ये रक्ताच्या गुठळीमुळे होणारा पक्षाघात आणि काहीशा कमी प्रमाणात हृदयविकाराचा झटका यांचा धोका इतरांपेक्षा जास्त आढळतो. मात्र हा धोका सर्व रुग्णांना सारखा नसतो. ज्यांना डोकेदुखीच्या आधी किंवा तिच्यासोबत ‘ऑरा’ची लक्षणे जाणवतात, त्यांच्यात तो स्पष्ट दिसतो, ऑरा नसलेल्यांमध्ये मात्र पक्षाघाताशी असलेला संबंध क्षीण आहे. डोळ्यांसमोर चमकणाऱ्या नागमोडी रेषा सरकणे, नजरेचा काही भाग झाकोळणे, बोटांपासून हातात आणि पुढे ओठांपर्यंत मुंग्या चढत जाणे, बोलताना शब्द न सापडणे, ही ऑराची ठरावीक लक्षणे होत. ती सहसा ५ ते ६० मिनिटे टिकून पूर्णपणे ओसरतात.

विसाव्या शतकात बराच काळ मायग्रेन हा रक्तवाहिन्यांचाच आजार मानला जाई. १९३८ साली ग्रॅहम आणि वुल्फ या संशोधकांनी अर्गोटामीन या औषधाने कवटीबाहेरील धमन्यांचे ठोके मंदावतात आणि त्याबरोबर वेदनाही उतरते असे दाखवल्यावर, धमन्या फुगल्याने डोके दुखते, ही कल्पना रूढ झाली. १९४४ मध्ये ब्राझीलचे शास्त्रज्ञ अरिस्टिडीस लियाव यांनी मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला काही मिलिमीटर इतक्या संथ गतीने पसरणारी विद्युत-निष्क्रियतेची लाट नोंदवली. ऑराचे मूळ या लाटेत असावे, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. लाटेपाठोपाठ मेंदूच्या त्या भागातील रक्तप्रवाह काही काळ घटतो, आणि मज्जासंस्थेचा हा आजार रक्तवाहिन्यांशी जोडला जातो तो येथे. याखेरीज रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराचे बिघडलेले कार्य, रक्त गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती आणि समान आनुवंशिक घटक हेही दुवे सुचवले गेले आहेत. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील, जन्मानंतर न बुजलेले छिद्र ऑरा असलेल्यांत अधिक आढळते. तथापि ते बंद करण्याच्या शस्त्रक्रियेने मायग्रेन हमखास थांबत नाही, असे चाचण्यांतून दिसले आहे.

संबंधाचे प्रमाण किती, हे अनेक मोठ्या अभ्यासांनी मोजले आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात ऑरासह मायग्रेन असलेल्यांना गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट आढळला. अमेरिकेतील १,१५,५४१ परिचारिकांच्या दोन दशकांहून अधिक काळ चाललेल्या पाहणीत मायग्रेन असलेल्या स्त्रियांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटनांचे प्रमाण सुमारे दीडपट होते. ‘दुप्पट’ हा शब्द ऐकून रुग्ण घाबरतात, म्हणून मूळ आकडा सांगणे आवश्यक ठरते. डेन्मार्कमधील १९९५ ते २०१३ या काळातील नोंदींनुसार १९ वर्षांत दर हजारी मायग्रेन रुग्णांपैकी ४५ जणांना गुठळीमुळे पक्षाघात झाला, तर मायग्रेन नसलेल्या हजारांत ही संख्या २५ होती. हृदयविकाराच्या झटक्यासाठी हेच आकडे २५ आणि १७ होते. म्हणजे मायग्रेन असलेल्या बहुसंख्य लोकांना यांपैकी काहीही होत नाही, आणि तरुण वयात तर हा धोका फारच लहान असतो. मात्र धूम्रपान, उच्च रक्तदाब किंवा इस्ट्रोजेन हे संप्रेरक असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या यांची भर पडली की तो लहान राहत नाही.

सोलापूरसारख्या शहरात या विषयाला खास महत्त्व येते. एप्रिल-मे महिन्यांत येथील तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. उन्हाची तिरीप, कमी पाणी पिणे, यंत्रमागाचा सततचा आवाज आणि उपवास ही सर्व मायग्रेन चाळवणारी ओळखीची कारणे आहेत. घरोघरी या दुखण्याला ‘ऊन लागले’ किंवा ‘पित्त उसळले’ असे म्हटले जाते, आणि उलटी झाल्यावर बरे वाटत असल्याने ही समजूत पक्की होते. त्यात रुग्णाचा दोष नाही. पण पित्ताची गोळी घेऊन विषय संपला की नजरेसमोर रेषा दिसल्या होत्या का, रक्तदाब किती आहे, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. धोका ओळखण्यासाठी नेमके हेच प्रश्न हवेत, आणि त्यांना कोणतेही महागडे यंत्र लागत नाही.

यांतील गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रश्न सर्वांत तातडीचा आहे. सरकारी केंद्रांतून मोफत मिळणाऱ्या ‘माला-एन’ या गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशी दोन्ही संप्रेरके असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार ऑरासह मायग्रेन असलेल्या कोणत्याही वयाच्या स्त्रीने अशी संयुक्त गोळी वापरू नये. ऑरा नसला तरी वयाच्या पस्तिशीनंतर ती सहसा टाळावी. अशा स्त्रियांना तांबी हा संप्रेरकविरहित पर्याय उपलब्ध असतो. श्रावणातील पूजा, लग्नकार्य किंवा पंढरीची वारी यांसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणल्या जातात, तेव्हाही ऑराची माहिती डॉक्टरांना आधी दिली पाहिजे.

दुसरा प्रश्न तंबाखूचा. सोलापूर व लगतच्या कुंभारी परिसरातील हजारो स्त्रिया घरी विड्या वळतात. मायग्रेन हा स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळणारा आजार आहे, आणि विडी कामगार स्त्रियांचा तंबाखूशी संपर्क दिवसभराचा असतो. त्यात मिश्री लावण्याची सवय असेल तर निकोटीन थेट शरीरात जाते आणि त्यामुळे नाडीचा वेग व रक्तदाब वाढतो. धूम्रपान आणि ऑरा यांच्या एकत्र परिणामाचा पुरावा स्पष्ट आहे. मिश्रीविषयी तितका नेमका पुरावा नसला तरी ऑरा असलेल्या स्त्रीला ती सोडण्याचा सल्ला देणे योग्यच ठरते.

ऑरा आणि पक्षाघात यांतील फरक रुग्णाच्या घरच्यांनाही ठाऊक असावा. ऑरा मिनिटामिनिटाने पसरतो आणि त्यात चमक, मुंग्या अशी काहीतरी जास्तीची जाणीव असते. पक्षाघातात मात्र तोंड वाकडे होणे, हात गळून पडणे, वाचा जाणे हे एकाएकी घडते. शंका असल्यास वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. क्वचित मायग्रेनच्या झटक्यातच पक्षाघात होतो. नेहमीचा ऑरा तासाहून अधिक टिकला आणि मेंदूच्या तपासणीत संबंधित भागाची हानी दिसली, तर ते निदान केले जाते.

उपचारांतही रक्तवाहिन्यांचा विचार करावा लागतो. सुमाट्रिप्टान व त्या गटातील औषधे, तसेच अर्गोटामीन, धमन्या आकुंचित करतात, त्यामुळे हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना आणि रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांना ती दिली जात नाहीत. झटके वारंवार येत असतील तर प्रोप्रानोलोल किंवा कँडेसार्टान ही औषधे झटके कमी करण्याबरोबर रक्तदाबही उतरवतात, म्हणून दोन्ही त्रास असलेल्यांना ती विशेष उपयोगी पडतात. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेत राहिल्यास हृदयावरील धोका वाढतो, आणि महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी कायमची मागे लागू शकते.