गेट गोठेपर्यंतचे काही सेकंद

प्लास्टिकची बादली उलटी करून तळाच्या मधोमध बोट फिरवा. बहुधा एक बारीक, खरखरीत टिंब हाताला लागेल. ते गेट, म्हणजे वितळलेला माल साच्यात शिरला ती वाट. बादली कशी निघणार, याचा निकाल बराचसा तिथेच लागतो.

वितळलेलं प्लास्टिक साच्यात रेटणाऱ्या इंजेक्शन मोल्डिंग मशीनवर दिसतो तो ढकलण्याचा जोर. साच्याच्या पोकळीत, म्हणजे कॅव्हिटीत, प्रत्यक्ष पोचणारा दाब वेगळा असतो. तो मोजायला आत क्वार्ट्‌झचा सेन्सर बसवतात. क्वार्ट्‌झ दाबला गेला की त्यात विद्युतभार तयार होतो आणि त्यावरून आलेख उमटतो. साचा भरेपर्यंत दाब हळूहळू चढतो, भरताक्षणी उसळी घेतो आणि माल थंड होऊ लागला की उतरतो.

चढणीवर मालाचा चिकटपणा दिसतो. पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक 300 अंश सेल्सिअसलाही जड वाहतं, त्यामुळे गेटपाशी दाब भरपूर असला तरी टोकाला थोडाच उरतो. नायलॉन पातळ. त्याचा दाब टोकापर्यंत पोचतो, पण साच्याचे दोन भाग जरा जरी उघडले, तरी फटीतून पापुद्रा बाहेर येतो. 100 चौरस सेंटिमीटरच्या वस्तूवर 300 बार दाब असेल (एक बार म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलो), तर साचा मिटून धरायला सुमारे 30 टन जोर लागतो!

मला मात्र उतरण जास्त बोलकी वाटते. पॉलिस्टायरीन, एबीएस, पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकांच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या जशा गुंतलेल्या असतात तशाच थिजतात. आकुंचन साधारण 0.4 ते 0.7 टक्के. पॉलिप्रॉपिलीन, एचडीपीई, अॅसिटल या प्लास्टिकांच्या साखळ्या थंड होताना घड्या घालून स्फटिकांत रचल्या जातात. घडी केलेल्या कपड्यांना कपाटात कमी जागा लागते, तसंच हे. आकुंचन 1 ते 2.5 टक्क्यांपर्यंत जातं, आणि स्फटिक बनू लागले की दाब झपाट्याने उतरतो. ती तूट भरायला गेटमधून आणखी माल रेटत राहावं लागतं. गेट आधीच गोठलं, तर जाड भागावर खळगा पडतो किंवा आत पोकळी राहते. पॉलिस्टायरीनमध्ये धोका उलटा. जास्त माल कोंबला तर दाब उरतो, वस्तू साच्यात अडकून बसते आणि आत कोंडलेला ताण पुढे कधीतरी तडा बनून बाहेर येतो.

गेट कधी गोठलं हे वजनकाट्यावरही कळतं. होल्डिंगची, म्हणजे साचा भरल्यावरही दाब धरून ठेवण्याची, वेळ एकेक सेकंद वाढवत प्रत्येक वस्तू तोलायची. वजन वाढायचं थांबलं, की गेट बंद झालं. त्याआधी दाब सोडला तर माल उलटा रनरमध्ये, म्हणजे गेटपर्यंत माल आणणाऱ्या वाटेत, परततो आणि आलेख एकदम कोसळतो. ही वेळ मालागणिक नव्याने शोधावी लागते आणि साचासुद्धा मालाचं आकुंचन धरूनच कोरावा लागतो. 100 मिलिमीटरच्या त्याच साच्यातून पॉलिस्टायरीनची वस्तू अर्धा मिलिमीटर आखूड निघते, तर पॉलिप्रॉपिलीनची दीड.