गलका आधी, कॅच नंतर: मोबाईलवरची ‘लाईव्ह’ मॅच मागे का पडते?

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला वर्ल्डकपची फायनल आणि आमची बिल्डिंग तिथून जेमतेम एक किलोमीटर. तिकीट मिळालं नव्हतं म्हणून मी मोबाईल घेऊन बाल्कनीत. स्क्रीनवर दक्षिण आफ्रिकेची डी क्लर्क अजून खेळतेय, दीप्ती पुढचा बॉल टाकायला मागे चाललीय, आणि तेवढ्यात स्टेडियमकडून असा गलका उठला की बस, पाठोपाठ फटाके. जिंकलो! हरमनने मागे पळत घेतलेला तो कॅच मला दिसला तेव्हा खाली पोरं नाचायलाही लागली होती.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला ३ सेकंद. चित्र तर प्रकाशाच्या वेगाने येणार, मग ते मागे कसं राहिलं?

‘सॅटेलाईट लांब असतो ना’ असं बरेच जण म्हणतात. तो ३६ हजार किलोमीटरवर असतो, सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, बस. म्हणूनच शेजारच्या काकूंच्या डिशवर विकेट माझ्या आधी पडते.

खरा वेळ जातो तो साठवण्यात. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये, म्हणजे एका स्थिर चित्रात, २० लाखांवर पिक्सेल (रंगीत ठिपके), प्रत्येकाच्या रंगाला २४ बिट्स (०-१ चे आकडे), सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तरी जवळपास १२४ कोटी बिट्स होतात, आणि ते दाबून सेकंदाला ५० लाखांच्या आसपास आणायचे. पिच, गवत बदलत नाही, मग फक्त बदल पाठवायचा. काही फ्रेम तर मागची आणि पुढची फ्रेम बघून बनतात, आणि पुढची बघायची तर ती येईपर्यंत थांबावंच लागतं! मला हे फार भारी वाटतं. मग या व्हिडिओचे साधारण ६-६ सेकंदांचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकडा कमी-जास्त क्वालिटीत बनवतात, कारण ठाणे-वाशी लोकलमध्ये रेंज कमी झाली की ॲपमधला व्हिडिओ प्लेअर हलका तुकडा उचलतो. हे तुकडे जवळच्या सर्व्हरवर ठेवतात, कारण १९ नोव्हेंबर २०२३ च्या पुरुष वर्ल्डकप फायनलसारखे ५.९ कोटी लोक एकदम बघत असतील तर एका जागेवरून सगळ्यांना कसं पुरणार? आणि प्लेअर साधारण तीन तुकडे हातात आल्यावरच सुरू करतो, तिथेच १८ सेकंद गेले. गच्चीवरच्या टाकीसारखंच आहे हे, पालिकेचं पाणी कधीही येवो, नळ चालू राहतो, फक्त आत्ता नळाला येतं ते मघाचं पाणी.

त्यामुळे ‘५जी घेतलं की डिले झीरो’ यावर विश्वास ठेवू नका. ५जी शेवटचा टप्पा फास्ट करतं, टाकी काढत नाही. तुकडे सेकंदापेक्षा लहान करून डिले दोन-चार सेकंदांवर आणता येतो, पण टाकी लहान झाली की नेट जरा डगमगलं तरी चाक फिरायला लागतं.

आणि ‘उठू नकोस, तू उठलास की विकेट जाते’ हे तर घरातून कायमचं काढून टाका. तुम्ही उठलात तेव्हा तो बॉल पडून अर्धं मिनिट झालेलं असतं.

आमच्या ग्रुपवर आता मॅच चालू असताना कोणी स्कोअर टाकत नाही. स्टेडियमजवळ राहत असाल तर पुढच्या मॅचला गलका ऐकू आला की स्टॉपवॉच लावा, मोबाईलवर विकेट दिसली की थांबवा आणि स्टेडियमपासून जितके किलोमीटर असाल तितके ३ सेकंद त्यात मिळवा. तो तुमच्या ‘लाईव्ह’चा खरा डिले.