कंबरेचा घेर आणि पाचांपैकी तीन

मेटाबॉलिक सिंड्रोम हे नाव जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यांत क्वचितच उच्चारलं जातं. लोक शुगर म्हणतात, बीपी म्हणतात, 'पोट सुटलं' म्हणतात. त्या तिन्हींची एका नावाखाली मोट बांधायची कशी, यावरून मात्र जगभर वाद झाला आणि त्याचा परिणाम इथल्या रुग्णांच्या आकड्यांवरही होतो.

1988 मध्ये इन्सुलिनला शरीर दाद देत नाही या एका मुळाशी हे विकार जोडले गेले, तेव्हा त्या यादीत लठ्ठपणा नव्हताच. 2001 मध्ये सोपा नियम आला: कंबर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल, जे कमी असणं वाईट), रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर, या पाचांपैकी तीन बिघडले की सिंड्रोम. पण कंबरेची मर्यादा होती पुरुषांना 102 आणि बायकांना 88 सेंटिमीटर. आपल्याकडचा माणूस तिथवर पोचण्याआधीच मधुमेही झालेला असतो.

2005 मध्ये दक्षिण आशियाई लोकांसाठी 90 आणि 80 हे आकडे ठरले. हे योग्यच झालं. त्याच वेळी कंबर वाढलेली असणं सक्तीचं केलं गेलं, आणि ही चूक होती असं माझं स्पष्ट मत आहे. चोपडा-यावलकडचा सत्तरीचा शेतकरी घ्या. घेर 84, पण बीपी, साखर, ट्रायग्लिसराइड तिन्ही चढलेले. 2005 च्या व्याख्येत तो बसत नाही. 2009 मध्ये ही सक्ती काढून टाकली गेली आणि तोच माणूस, काहीही न बदलता, रुग्ण ठरला. त्याच्या जळगावात नोकरी करणाऱ्या तिशीतल्या मुलाचं पोट सुटलेलं, ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी, साखर अजून ठीक. तो दोन्ही व्याख्यांत बसतो. म्हणून खेडं आणि शहर, म्हातारे आणि तरुण यांची तुलना वाचताना व्याख्या कोणत्या सालची हे आधी पाहावं. सक्तीच्या व्याख्येने सडपातळ म्हातारे गळतात आणि हा आजार केवळ शहरी तरुणांचा वाटू लागतो.

खानदेशातलं राहणीमान कसं बदललं, त्याचा इतिहास थोडक्यात. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, कापूस, 1860 च्या दशकात भुसावळला आलेली रेल्वे, 1972 चा दुष्काळ. बदलाचा खरा वेग त्यानंतरचा. ठिबकमुळे केळीला रात्री उभं राहून पाणी भरणं संपलं, बैलजोडीच्या जागी ट्रॅक्टर आला, शेतात जायला मोटारसायकल. शेवभाजी पाहुणे आल्यावरची राहिली नाही, ढाब्यावर रोज मिळू लागली. 2003 मध्ये जळगाव आणि धुळे महानगरपालिका झाल्या.

पण जेवण आणि मोटारसायकलवर सगळा दोष टाकता येत नाही. पुण्याजवळच्या खेड्यांत 1990 च्या दशकात सुरू झालेल्या अभ्यासात दिसलं की आपली बाळं वजनाने हलकी जन्मतात, तरी त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून असते. कमी पडतात ते स्नायू, आणि अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका जास्त असतो असं मानलं जातं. दुष्काळात जन्मलेली पिढी आता पन्नाशी ओलांडून गेली आहे. धडगाव-अक्कलकुव्यात कुपोषणाची लढाई चालू असताना त्याच जिल्ह्यातल्या नंदुरबार-शहाद्यात वजन कमी करण्याचा सल्ला द्यावा लागतो. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत.

राहिला टेपचा प्रश्न. घेर पट्ट्याच्या जागी मोजायचा नसतो. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या मधोमध, श्वास सोडून, कपडा बाजूला करून मोजायचा. 34 नंबरची पँट म्हणजे साधारण 86 सेंटिमीटर, पण ती सुटलेल्या पोटाच्या खाली बसते. टेप योग्य जागी धरली की त्याच माणसाचा आकडा 90 च्या पुढे जाऊ शकतो.