निवांत वेळ (ख्रिस्ती उपासना)

रोजच्या धावपळीतून ठरवून जरा मागं सरायचं, काही कामं बाजूला ठेवायची आणि जो वेळ मोकळा होईल तो प्रार्थनेला, शास्त्रवाचनाला, देवासमोर नुसतं गप्प बसायला द्यायचा, ही ख्रिस्ती लोकांमधली जुनी प्रथा. दिवसातली पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातला रविवार, वर्षातला उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) आणि जमलं तर काही दिवस घर-काम सोडून एकांतात राहायचं रिट्रीट, असे तिचे लहानमोठे प्रकार. नाशिकमध्ये कॅथलिक, सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि स्वतंत्र मंडळ्या असे सगळेच ती आपापल्या पद्धतीनं पाळतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या शिफ्ट, नाशिकरोडची नोटांची प्रेस, निफाड-दिंडोरीकडचा द्राक्षाचा सीझन यात ती पाळायची म्हणजे खरा प्रश्न वेळेचाच येतो, म्हणून इथं काळवेळेबद्दल जरा जास्त लिहिलंय.

शास्त्रातला आधार बहुतेकांना माहीत असतो. येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला (मार्क १:३५), खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करा असं त्यानं सांगितलं (मत्तय ६:६), मार्था आणि मरिया या बहिणींपैकी मार्था कामात आणि मरिया येशूच्या पायाशी बसलेली (लूक १०). यातल्या मार्थेला पुढं बरीच शतकं कमी लेखलं गेलं, पण चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या माइस्टर एकहार्ट या जर्मन गूढवाद्यानं एका प्रवचनात मार्थाच जास्त परिपक्व असं उलटं मांडलंय, ते वाचण्यासारखं आहे. या विषयाला सगळ्यात जवळचा उतारा मात्र मार्कच्या सहाव्या अध्यायातला. लोकांची एवढी ये-जा चाललेली की शिष्यांना जेवायलाही सवड नाही, म्हणून येशू त्यांना म्हणतो, चला, एकांतात थोडा विसावा घ्या, आणि ते होडीत बसून निघतात तर लोक पायी पळत जाऊन त्यांच्या आधी तिथं हजर. ठरवलेला एकांत बोंबलला, तरी येशू चिडत नाही, त्याला लोकांचा कळवळा येतो, तो शिकवायला लागतो, आणि सगळं आटोपल्यावर लोकांना निरोप देऊन पुन्हा डोंगरावर एकटा प्रार्थनेला जातो. वेळ हुकला तर तो पुन्हा काढायचा, एवढं या उताऱ्यातून नक्की घेता येतं.

उपवासकाळाचे चाळीस दिवस नेमके कुठून आले यावर मात्र अभ्यासकांचं एकमत नाही. दुसऱ्या शतकाच्या शेवटी बिशप इरेनेयसनं लिहिलेल्या पत्राचा एक तुकडा युसेबियसनं लिहिलेल्या चर्चच्या इतिहासात टिकून राहिलाय, त्यात ईस्टरआधी कोणी एक दिवस उपास धरतं, कोणी दोन, कोणी त्याहून जास्त, कोणी चाळीस तास, असं येतं, आणि त्या वाक्यात विराम कुठं घ्यायचा यावरूनच अर्थ बदलतो म्हणून तिथंही वाद आहे. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या बिशप डायोनिशियसच्या पत्रात आणि सिरियाकडच्या एका नियमग्रंथात सहा दिवसांचा उपास दिसतो. 'चाळिशी' असा स्पष्ट उल्लेख ३२५ च्या निकेया इथल्या बिशपांच्या परिषदेच्या पाचव्या नियमात आहे, तोही ओघात, म्हणजे प्रांतातल्या बिशपांच्या दोन सभांपैकी एक चाळिशीच्या आधी घ्यावी एवढ्यापुरता. जुनं मत असं की दोन दिवसांचे सहा झाले, सहाचे तीन आठवडे झाले (पाचव्या शतकातला इतिहासकार सॉक्रेटिस रोममध्ये तीन आठवडे उपास असल्याचं सांगतो, पण त्याची माहिती किती पक्की हा प्रश्न आहेच) आणि शेवटी चाळीस दिवस झाले. विसाव्या शतकात दुसरं मत पुढं आलं, की इजिप्तमध्ये ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या (एपिफनी) सणानंतर लगेच चाळीस दिवसांचा वेगळा उपास होता, कारण शुभवर्तमानात येशूचा रानातला उपास बाप्तिस्म्यानंतर लगेच येतो, आणि निकेयाच्या सुमारास तो तिथून उचलून ईस्टरच्या आधी आणून ठेवला. हे मत आकर्षक आहे, पण त्याचा बराचसा भार मध्ययुगातल्या कॉप्टिक (इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांच्या) ग्रंथांवर आहे, आणि तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या धर्मपंडिताचा जो आधार देतात तो लॅटिन भाषांतरातून आलेला. अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या पत्रांवरून दिसतं की ३३० च्या दशकात इजिप्तमध्ये ही प्रथा अजून रुळत होती, ३४० च्या आसपास तर तो रोमहून कळवतो की सगळं जग उपास करतंय आणि आपणच करत नाही म्हणून हसू होईल. त्यामुळे चाळीस दिवस एकाच जागी जन्मले असं म्हणण्यापेक्षा निरनिराळ्या ठिकाणच्या प्रथा निकेयाच्या आगेमागे एकत्र आल्या, असं धरणं जास्त सुरक्षित वाटतं.

मोजणीचंही तसंच. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही, मग सहा आठवड्यांचे छत्तीसच दिवस भरतात. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरीनं याच छत्तीस दिवसांना वर्षाचा दशांश म्हटलंय, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला तसा वर्षाचाही. नंतर, बहुधा सातव्या शतकाच्या सुमारास, आधीच्या बुधवारपासूनचे चार दिवस जोडून चाळीस पुरे केले, तोच आजचा भस्म बुधवार. सगळ्या भाविकांच्या कपाळाला राख लावायची पद्धत साधारण अकराव्या शतकाच्या शेवटी पश्चिमेकडे पक्की झाली, १०९१ च्या बेनेव्हेंतो परिषदेचा दाखला त्यासाठी देतात. मिलानमध्ये अजूनही हा काळ बुधवारी नाही, रविवारी सुरू होतो.

भस्म बुधवार लवकरात लवकर ४ फेब्रुवारीला आणि उशिरात उशिरा १० मार्चला येतो (२०२४ मध्ये १४ फेब्रुवारी, २०२५ मध्ये ५ मार्च). नाशिककर या तारखा बघून लगेच ओळखेल की हीच द्राक्षाच्या काढणीची वेळ, व्यापारी दारात, मजूर मिळेना, वरनं अवकाळीची धास्ती, शहरात मार्चएंड आणि घरात पोरांच्या दहावी-बारावीच्या परीक्षा. नाशिकरोडची बाळ येशूची यात्राही फेब्रुवारीतच भरते, दूरदूरून गर्दी लोटते आणि काही वर्षी भस्म बुधवार तिच्या अगदी मागोमाग येतो. म्हणजे वर्षातला सगळ्यात धावपळीचा काळ आणि चर्चनं थांबायला सांगितलेला काळ एकच. कोणी मटण-चिकन सोडतं, कोणी चहा, हल्ली कोणी रात्रीची सिरियल नाहीतर रील्स. सोडण्यावर बोलणं खूप होतं, पण सोडलेल्या गोष्टीचा वेळ कुठं गेला हे फारसं कोणी विचारत नाही. सिरियल बंद केली आणि तो पाऊण तास फोनवर गेला तर उपास झाला असेल, उपासनेला जागा झाली नाही. शुक्रवारच्या क्रुसाच्या वाटेचा (येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासातले चौदा प्रसंग आठवत करायची भक्ती) फायदा इथं दिसतो, कारण ती चौदा स्थानं घाईत उरकताच येत नाहीत. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, गुडघे टेकायचे, वाचन ऐकायचं, उठायचं, पुढं सरकायचं, आणि पाचव्या-सहाव्या स्थानापर्यंत चाल आपोआप मंदावते.

रविवारच्या विश्रांतीचा कायदा ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइननं काढला, त्यात शहरातली न्यायालयं आणि कारागिरांची कामं बंद, पण शेतकऱ्याला सूट, कारण पेरणीचा आणि द्राक्षवेल लावायचा मुहूर्त चुकू नये. दिंडोरीच्या बागायतदाराला हे वाक्य आजही लगेच पटेल. आपल्याकडे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळं, १८९० मध्ये मुंबईत. १९४८ च्या कारखाना कायद्यानं आठवडी सुट्टी रविवारची धरली, तरी ती बदलून दुसऱ्या दिवशी द्यायची मुभाही ठेवली, त्यामुळं शिफ्टमधल्या माणसाला सकाळच्या भक्तीला येणं जमेलच असं नाही. अशा माणसाला गैरहजर म्हणून टोकण्यापेक्षा मंडळीनं त्याच्या सुट्टीच्या दिवशी त्याच्या घरी दोघं-तिघं जाऊन बसणं कितीतरी बरं.

नाशिकमध्ये प्रोटेस्टंट मिशनचं काम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात शरणपूर वसवलं, तिथं शाळा, कारखाना आणि उपासना एकाच वस्तीत होती. अँग्लिकनांचा नाशिक धर्मप्रांत १९२९ चा, तो १९७० मध्ये सी.एन.आय.मध्ये आला, आणि कॅथलिक धर्मप्रांत १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला. रोज सकाळी एकट्यानं शास्त्र वाचायची सवय बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काळातल्या इंग्रजी विद्यार्थी चळवळींमधून मिशनऱ्यांबरोबर आली असावी. पण मराठी घरात ती तशीच राहिली नाही, ती गाती झाली, आणि याचं मोठं श्रेय ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळकांना (१८६१–१९१९) द्यावं लागतं. त्यांचं शिक्षण नाशिकला झालं आणि पत्नी लक्ष्मीबाईंचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या भजनांनी अभंगाची चाल ख्रिस्ती उपासनेत पक्की बसवली.

घरातली संध्याकाळची उपासना अजून बऱ्याच ठिकाणी चालते. सतरंजी टाकायची, 'उपासना संगीत' मधलं एखादं गीत घ्यायचं, पेटी असली तर पेटी नाहीतर नुसत्या टाळ्या, मग एक अध्याय एकेक वचन वाटून वाचायचा, म्हणजे आजीनं पहिलं वचन, नातवानं दुसरं, अडखळला तर सगळ्यांनी थांबायचं. शेवटी प्रत्येकानं दोन वाक्यं प्रार्थना, मग प्रभूची प्रार्थना आणि जेवण. अर्धा तास पुरतो. उलट काही मंडळ्यांमध्ये उपास-प्रार्थना, रात्रप्रार्थना, कन्व्हेन्शन, तरुण संघ, महिला मंडळ असं आठवडाभर काहीतरी असतंच आणि कार्यकर्ते दमून जातात, कार्यक्रम वाढला म्हणजे देवासाठी वेळ वाढला असं होत नाही, हे पाळकांनी मनावर घ्यायला हवं.

रिट्रीटमध्ये कॅथलिकांची मुख्य पद्धत येशूसंघाचा (जेझुइटांचा) संस्थापक इग्नेशियस लोयोलाची. त्याची 'आध्यात्मिक साधना' ही पुस्तिका पोप तिसऱ्या पॉलनं १५४८ मध्ये मान्य केली, तिचे चार 'आठवडे' आणि साधारण तीस दिवस. १९७० च्या दशकात पुणे-लोणावळ्याकडे येशूसंघीय अँथनी डिमेलो यांनी तिला श्वासाकडे, शरीराच्या संवेदनांकडे लक्ष द्यायच्या पद्धती जोडल्या, आणि १९९८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, रोमनं (व्हॅटिकननं) त्यांच्या काही लिखाणाबद्दल इशारा दिला. नाशिक जिल्ह्यातच इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं चालतात, त्यामुळं ख्रिस्ती माणसानं असं मौन धरावं का हा प्रश्न इथं पुस्तकी राहत नाही. रोमचा आक्षेप श्वासावर नव्हता, देव व्यक्ती आहे आणि येशू त्याचा एकमेव पुत्र आहे हे धूसर होण्यावर होता, आणि तो फरक लक्षात ठेवला तर मौनाला घाबरायचं कारण नाही. ज्याला महिनाभर सोडाच, चार दिवसही रजा मिळत नाही त्याची सोय इग्नेशियसनं स्वतःच करून ठेवलीय. त्या पुस्तिकेतल्या एकोणिसाव्या सूचनेत तो म्हणतो की कामाधंद्यात गुंतलेल्या माणसानं रोज दीड तास काढावा आणि तीच साधना घरी राहून सावकाश पुरी करावी. त्यात मार्गदर्शकाला ठरावीक दिवसांनी भेटायचं असतं, साधारण आठवड्यातून एकदा, आणि सगळी साधना संपायला कित्येक महिने लागतात.