अल्बमचे वेष्टन: चिकटकामापासून लेयरपर्यंत

संगीतातला ‘अल्बम’ हा शब्द मुळात वेष्टनाचा. ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर एका बाजूला तीन-चार मिनिटेच मावत. मोठी रचना असली की चार-पाच तबकड्या लागत, आणि त्या फोटोंच्या अल्बमसारख्या बांधीव पुठ्ठ्यात, कागदी खिशांत घालून विकल्या जात. बाहेर तपकिरी नाहीतर करडा पुठ्ठा आणि त्यावर नाव, बस्स. १९४० मध्ये कोलंबिया रेकॉर्ड्सच्या अॅलेक्स स्टाइनवाइस याने रॉजर्स आणि हार्ट यांच्या गाण्यांच्या संचाला चित्र दिले. न्यूयॉर्कच्या इम्पिरिअल थिएटरच्या दर्शनी पाटीवरची अक्षरे उतरवून तिथे अल्बमचे नाव लावले आणि त्याचाच फोटो काढला. आज टाईप करून मोकळे होतो ती ओळ तेव्हा खरोखर पाटीवर चढवावी लागली.

१९४८ मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली आणि पाठोपाठ जवळपास ३१४ मिलिमीटर चौरसाचे जॅकेट रूढ झाले. एवढ्या जागेत फोटो खुलतो. मग फोटोत नसलेले घालायचे आणि असलेले काढायचे, हे ओघाने आलेच. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बमच्या फोटोत बीटल्सच्या मागे उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या आकृत्यांत गांधीजीही होते. भारतात लोक दुखावतील या भीतीने ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या प्रमुखांनी हरकत घेतली आणि छापलेल्या जॅकेटवर गांधीजी दिसेनासे झाले. पिंक फ्लॉइड या बँडच्या ‘अॅनिमल्स’साठी लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रावर हवेने फुगवलेले डुक्कर उडवले, तर ते दोर तोडून पसार झाले. शेवटी एका दिवसाचे ढगाळ आकाश आणि दुसऱ्या दिवसाचे डुक्कर असे जोडून काम भागवले.

ही जोडाजोड सर्जिकल ब्लेड, रबर सोल्युशन आणि एअरब्रशने होई. कापलेल्या फोटोची कड पांढरी दिसू नये म्हणून कागद मागून घासून पातळ करत, कडेला रंग लावत, आणि सगळे चिकटवून झाले की त्याचा पुन्हा फोटो घेत. प्रत्येक नव्या प्रतीत बारकावे थोडे उडतच.

फोटोशॉप समजून घ्यायचे तर आधी ही डार्करूम डोळ्यांसमोर हवी. डॉज टूलचे चिन्ह म्हणजे तारेला लावलेली चकती: प्रिंट काढताना ती प्रकाशात धरून तेवढा भाग उजळ ठेवत. बर्न टूलचा हात म्हणजे उरलेला प्रकाश अडवून नेमक्या जागी सोडणारी मूठ. ‘अनशार्प मास्क’ने चित्र रेखीव होते आणि नाव मात्र उलटे, कारण मुळात मूळ निगेटिव्हवर तिचीच धूसर प्रत ठेवून कडा उठावदार करत. थॉमस आणि जॉन नॉल या भावांचा हा प्रोग्रॅम अडोबीने फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आणला, तोही फक्त मॅकवर. लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले सुटे थर, आले १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. तोवर चिकटवलेला तुकडा एकदा खाली बसला की बसला. आणि अनडू एकच पायरी मागे जाई. अनेक पायऱ्या मागे नेणारे हिस्टरी पॅलेट आणि नंतर बदलता येणारी अक्षरे यायला १९९८ उजाडले.

डार्करूममधले जवळजवळ सगळे फोटोशॉपमध्ये आले. राहिली ती घडी. पुठ्ठा कुठे दुमडणार, कात्री किती हलणार, हे पडद्याला कळत नाही आणि वेष्टनाच्या बहुतेक चुका तिथेच होतात. कॅसेटच्या डबीतल्या इनले कार्डाला १२.७ मिमीचा कणा, म्हणजे नाव लिहायची अरुंद बाजू असे. सीडीच्या मागच्या कार्डाचे माप १५१ बाय ११८ मिमी. त्यात दोन्ही बाजूंना साडेसहा मिमीचे कणे, मधला भाग १३८. कणा लाल आणि शेजारचा भाग पांढरा ठेवला की घडी अर्धा मिमी सरकली तरी लाल रेघ पांढऱ्यावर डोकावते. म्हणून पार्श्वभूमीचा रंग घडीवरून पलीकडे जाऊ द्यावा. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापण्याच्या रेषेबाहेर वाढवलेले चित्र, आणि मजकूर ट्रिमपासून, म्हणजे त्या रेषेपासून निदान ३ मिमी आत. पुस्तिकेची पाने चारच्या पटीत. सोळा पानी पुस्तिका पिन मारून दुमडली की मधली पाने बाहेर सरकतात आणि कापताना त्यांचीच कड जास्त जाते. पान क्रमांक कडेला चिकटवले असतील तर ते आधी छाटले जातात.

काळ्या रंगाचे दुखणे वेगळे. आरजीबीतला, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीतला निव्वळ काळा फोटोशॉपच्या जुन्या अमेरिकन डीफॉल्ट प्रोफाइलने सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शायांत नेला की त्यांचे प्रमाण ७५, ६८, ६७, ९० टक्के असे होते, म्हणजे मिळून तब्बल ३०० टक्के शाई. ती लवकर वाळत नाही, वरच्या कागदाच्या पाठीला लागते. त्यात सहा पॉइंटची पांढरी अक्षरे काढली तर रजिस्ट्रेशन, म्हणजे चार शायांचे एकमेकींवर बसणे, जरा हलताच ती भरून जातात. बारीक काळा मजकूर नुसत्या के १०० मध्येच, म्हणजे फक्त काळ्या शाईत ठेवावा. मोठ्या काळ्या भागाला ६०, ४०, ४०, १०० पुरते.

देवनागरीची अडचण याहून जुनी. कित्येक वर्षे फोटोशॉपला आपली लिपी जुळवताच येत नव्हती: ‘कवि’ टाईप केले की वेलांटी ‘व’च्या आधी न येता नंतर जाऊन बसायची, जोडाक्षरे हलन्तासकट सुटी पडायची. म्हणून मराठी मजकूर कोरलड्रॉ या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये बसवायचा, कर्व्ह करायचा, म्हणजे अक्षरांचे नुसते रेखाकार करायचे, आणि फोटो खाली ठेवायचा, अशी वाट पडली. आता टाईपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई किंवा वर्ल्ड-रेडी मांडणी निवडली की अक्षरे नीट जुळतात. तरी साडेसहा मिमीच्या कण्यावर रफार आणि उकार दोन्ही मावायला हवेत, त्यामुळे रोमनला चालणारा आकार देवनागरीला मोठाच होतो.

स्ट्रीमिंगने ३००० बाय ३००० पिक्सेलचा आरजीबी चौकोन रूढ केला. तोच एलपीच्या जॅकेटवर पसरला तर २४० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला २४० ठिपक्यांच्या आसपास बसतो. फोटोला चालून जाईल, बारीक अक्षरांना नाही. सीडीच्या काळातली १२० मिमीची फाईल ३०० डीपीआयला १४१७ पिक्सेल भरते, म्हणजे जॅकेटवर जेमतेम ११५. ती ताणून मोठी करण्यात अर्थ नसतो. मूळ निगेटिव्ह किंवा प्रिंट शोधून नव्याने स्कॅन करावी लागते. मजकुराचे तर याहून कठीण. कर्व्ह केलेला असेल तर हवा तेवढा मोठा करा, पण शुद्धलेखनाची चूक सुधारता येत नाही. कर्व्ह केलेला नसेल आणि तो जुना फाँट संगणकावर नसेल, तर गायकाच्या नावाच्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हांचा चुरा उघडतो.